चूक नसताना पडणारा एक स्टार: तो हटवायचा कसा आणि पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं

'पार्सल आठ दिवस उशिरा आलं, बॉक्स पार चेपलेला होता.' आणि वर एक स्टार. चपलेबद्दल एक शब्द नाही.

ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं, आणि एकदा येऊन थांबत नाही. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सेलमध्ये तर हमखास येतं. आम्ही कोल्हापुरी चप्पल विकतो, म्हणून उदाहरणं त्यातली देतोय. साड्या, मसाले, लाकडी खेळणी, पापड-कुरडया, तुम्ही काहीही विकत असाल तरी दुखणं हेच आहे. कारागिराने कातडं कापलं, शिवलं, वेणी विणली, पट्टा बसवला. त्याच्या कामात कुठे खोट नाही. तरी त्याच्या जोडापुढे एक स्टार लागतो आणि त्याची पुढची ऑर्डर अडते. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो, आणि तुम्हालाही होत असेल तर त्यात चुकीचं काही नाही. फक्त रागाच्या भरात आपण सगळ्यात आधी ग्राहकाला उत्तर लिहायला बसतो, आणि उत्तर हे सगळ्यात शेवटचं काम आहे.

आधी बघा, तक्रार पडली आहे कुठे

अ‍ॅमेझॉनवर दोन वेगळ्या जागा आहेत. एक सेलर फीडबॅक, म्हणजे विक्रेत्याने माल नीट पॅक केला का, वेळेत पाठवला का, बोलणं-वागणं कसं होतं. दुसरा प्रॉडक्ट रिव्ह्यू, म्हणजे वस्तू कशी आहे. ग्राहकाला हा फरक माहीत नसतो आणि त्याने तो माहीत करून घ्यावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. मोबाइलवर जी चौकट समोर आली तिथे तो लिहून मोकळा होतो. म्हणून चपलेच्या रंगाची तक्रार सेलर फीडबॅकमध्ये सापडते आणि कुरिअरची तक्रार चपलेच्या रिव्ह्यूमध्ये.

हीच आपली वाट आहे. कंपनीचे नियम दोन्ही बाजूंनी लागू पडतात. सेलर फीडबॅकमधला संपूर्ण मजकूर फक्त वस्तूबद्दल असेल, तर तो काढून टाकण्याची मागणी करता येते. उलट प्रॉडक्ट रिव्ह्यूमध्ये विक्रेता, डिलिव्हरी, पॅकिंग, परतावा यांबद्दल लिहिणं त्यांच्या कम्युनिटी नियमांत बसत नाही, आणि तिथे 'रिपोर्ट'चं बटण वापरायचं. म्हणजे वर दिलेला चेपलेल्या बॉक्सचा एक स्टार प्रॉडक्ट रिव्ह्यूमध्ये असेल, तर तो चुकीच्या जागी आहे हे तुम्हाला नियमावर बोट ठेवून सांगता येतं.

यात 'संपूर्ण' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. 'रंग फोटोसारखा नाही' एवढंच लिहिलं असेल तर मागणी टिकते. 'रंग फोटोसारखा नाही आणि मेसेजला उत्तर पण दिलं नाही' असं असेल तर टिकत नाही, कारण अर्धं वाक्य तुमच्या सेवेबद्दल आहे. अशा मिश्र मजकुरामागे वेळ घालवू नका, त्याला जाहीर उत्तर द्या.

याशिवाय शिवीगाळ, कुणाचं नाव, फोन नंबर, पत्ता अशी वैयक्तिक माहिती मजकुरात आली असेल तर तोही काढला जातो. आणि माल अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून गेला असेल, म्हणजे तुम्ही एफबीएवर असाल, आणि तक्रार फक्त डिलिव्हरीची असेल, तर ते त्या फीडबॅकवर काट मारतात, या अनुभवाची जबाबदारी आमची आहे अशी ओळ खाली घालतात आणि तो तुमच्या रेटिंगमध्ये धरत नाहीत. स्वतः कुरिअर करणाऱ्यांना ही सवलत नाही. उशीर कुरिअरचा असला तरी कुरिअर निवडलं तुम्ही, असं ते मानतात.

ही मागणी फीडबॅक पडल्यापासून 90 दिवसांत करावी लागते. महिन्याच्या शेवटी सगळं एकदम बघू म्हणणारे इथे अडकतात. आठवड्यातला एक ठरलेला दिवस फीडबॅक मॅनेजर, म्हणजे विक्रेत्याच्या खात्यातलं फीडबॅकचं पान, उघडायला ठेवा.

मागणी लिहायची कशी

सेलर सपोर्टला, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या विक्रेता-मदत विभागाला, पाठवलेल्या बऱ्याच मागण्या मी इतर विक्रेत्यांच्या सांगण्यावरून वाचल्या आहेत. त्यातल्या नाकारल्या गेलेल्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते: लिहिणाऱ्याने आपली व्यथा लिहिलेली असते. आम्ही लहान व्यावसायिक आहोत, ग्राहक खोटं बोलतोय, आमचं नुकसान झालं. हे सगळं खरं असतं. पण समोरचा माणूस, आणि पुष्कळदा माणूसही नाही, नुसती यंत्रणा, फक्त एवढंच तपासते की मजकूर नियमात बसतो की नाही. ग्राहक खरं बोलतोय की खोटं, याचा निवाडा ते करत नाहीत. म्हणून तो मुद्दा काढूच नका.

असं लिहा: 'ऑर्डर क्रमांक अमुक. ग्राहकाचा संपूर्ण मजकूर चपलेच्या रंगाबद्दल आहे. पॅकिंग, पाठवणी किंवा विक्रेत्याची सेवा यांबद्दल त्यात एकही शब्द नाही. आपल्या फीडबॅक धोरणानुसार संपूर्ण मजकूर वस्तूबद्दल असल्यास तो काढला जातो. कृपया काढावा.' बस. इंग्रजीत पाठवायचं असेल तर एवढ्याचंच इंग्रजी करा, वाढवू नका. एका केसमध्ये एकच फीडबॅक घाला. तीन-चार एकत्र घातले की सगळ्यांवर एकच छापील उत्तर येतं.

पहिल्यांदा नकार आला तर केस परत उघडून तेच मुद्दे पुन्हा लिहू नका. नियमातला नेमका शब्द आणि ग्राहकाचं नेमकं वाक्य शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्यांदाही नकार आला तर तिथे थांबा. त्याच फीडबॅकवर रोज केस उघडून काही हाती लागत नाही.

एवढी घाई का करायची

रेटिंगपेक्षा अकाउंट हेल्थसाठी, म्हणजे तुमचं विक्रेत्याचं खातं सुस्थितीत राहण्यासाठी. अ‍ॅमेझॉनवर ऑर्डर डिफेक्ट रेट (ओडीआर), म्हणजे तक्रार झालेल्या ऑर्डरचं प्रमाण, 1 टक्क्याच्या खाली ठेवावा लागतो आणि तो 60 दिवसांच्या ऑर्डरवर मोजतात. त्यात एक किंवा दोन स्टारचे फीडबॅक, ए-टू-झेड क्लेम (ग्राहकाने अ‍ॅमेझॉनच्या हमीखाली केलेला पैशांचा दावा) आणि चार्जबॅक (ग्राहकाने बँकेमार्फत परत घेतलेले पैसे) येतात. महिन्याला हजारो ऑर्डर करणाऱ्याला एक वाईट फीडबॅक जाणवतही नाही. पण ज्याच्या त्या 60 दिवसांत 50 ऑर्डर आहेत, त्याचा ओडीआर एका फीडबॅकने 2 टक्के होतो. 100 ऑर्डर असतील तरी बरोबर 1 टक्का, म्हणजे मर्यादेच्या खाली नाहीच. हा नियम लहान विक्रेत्यावर जास्त जोरात पडतो हे माझं स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच काढता येण्यासारखा प्रत्येक फीडबॅक लहान विक्रेत्याने काढून घेतलाच पाहिजे. काढला गेलेला फीडबॅक हिशोबातून जातो.

एट्सी आणि ईबेवर क्रम बदलतो

परदेशात माल पाठवणाऱ्यांपैकी बरेच जण एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारावर आहेत. तिथे ग्राहकाला रिव्ह्यू लिहायला आणि बदलायलाही 100 दिवस मिळतात. पण तुम्ही त्या रिव्ह्यूला जाहीर उत्तर दिलं की ग्राहकाला तो बदलता येत नाही. घाईने दिलेलं उत्तर तो एक स्टार कायमचा करून ठेवतं. त्यामुळे तिथे आधी खाजगी मेसेज, मग प्रश्न सोडवणं, आणि काहीच झालं नाही तर मुदत संपत आल्यावर जाहीर उत्तर, असा क्रम ठेवा.

ईबे या दुसऱ्या ऑनलाइन बाजारावर विक्रेत्याला ग्राहकाबद्दल वाईट फीडबॅक देता येत नाही, 2008 पासून हा नियम आहे. मात्र तक्रार सोडवल्यावर ग्राहकाला फीडबॅक बदलण्याची रीतसर विनंती पाठवता येते. मिळालेल्या दर 1000 फीडबॅकमागे अशा 5 विनंत्या मिळतात, तेव्हा त्या जपून वापरा. ग्राहक खरोखर समाधानी झाल्याचं त्याने स्वतः लिहिलं असेल तेव्हाच पाठवा.

गुगलवर दुकान असेल तर

कधी खरेदीच न केलेली माणसं गुगलवर एक स्टार देऊन जातात. नुसतं 'आम्हाला हे पटत नाही' म्हणून गुगल रिव्ह्यू काढत नाही. स्पर्धकाने लिहिलाय, विषयाशी संबंध नाही, शिवीगाळ आहे, असं कारण निवडून फ्लॅग करावा, म्हणजे गुगलला कळवावा लागतो आणि नकार आला तर एकदा अपील करता येतं. दरम्यान खाली दोन ओळी लिहून ठेवा की या नावाने आमच्याकडे खरेदीची नोंद सापडली नाही, पावती असेल तर दुकानाच्या नंबरवर कळवा, लगेच बघतो. वाचणाऱ्याला तेवढ्यात कळतं.

हटत नसेल तर उत्तर, पण कोणासाठी?

जाहीर उत्तर रागावलेल्या ग्राहकासाठी नसतं. तो बहुतेक वेळा परत येऊन वाचतही नाही. ते वाचतो उद्या चप्पल घ्यायला आलेला माणूस, जो मुद्दाम वाईट रिव्ह्यू आधी उघडतो. त्याला भांडण बघायचं नसतं, आपल्याबाबत असं झालं तर हे लोक काय करतील एवढंच बघायचं असतं.

कोल्हापुरीच्या धंद्यातला एक रिव्ह्यू मी फार वेळा बघितलाय: 'ओरिजिनल नाही. कर्नाटकात बनवलेली आहे. फसवणूक.' एक स्टार. हा शंभर टक्के अन्यायाचा आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिराचा हात काही कमी कोल्हापुरी नाही. तिथल्या आणि इथल्या कारागिरांचं काम पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळलेलं आहे. पण 'तुम्हाला काही माहिती नाही' असं उत्तर दिलं तर माहिती बरोबर असूनही आपण हरतो. असं लिहिलेलं चालतं:

'नमस्कार. आपली शंका समजली. कोल्हापुरी चपलेचं जीआय मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना आहे आणि आपला जोड बेळगाव जिल्ह्यातल्या कारागिराने हाताने बनवलेला आहे. ही माहिती आम्ही आता लिस्टिंगच्या फोटोतही दिली आहे. तरीही आपल्याला जोड ठेवायचा नसेल तर परत घेऊ.'

यात माफीचा सूर नाही आणि टोमणाही नाही. तीन-चार वाक्यं, एक खरी माहिती, पुढे काय करणार ते. ग्राहकाने मराठीत लिहिलं असेल तर मराठीत, हिंदीत लिहिलं असेल तर हिंदीत. आणि ऑर्डरचा तपशील, ग्राहकाचं गाव, त्याचं नाव यातलं काहीही उत्तरात येऊ देऊ नका. तुम्ही खरे असलात तरी तेवढ्यावरून तुमच्यावर कारवाई होऊ शकते.

'अर्धे पैसे परत द्या, नाहीतर एक स्टार'

याला रिव्ह्यू म्हणू नका, ही खंडणी आहे. असा मेसेज आला की ग्राहकाचं खरं-खोटं ठरवण्यात गुंतू नका. बोलणं प्लॅटफॉर्मच्या मेसेजमध्येच ठेवा. तो व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर या म्हणेल, जाऊ नका, कारण बाहेर झालेलं बोलणं तक्रारीत पुरावा म्हणून उभं करणं अवघड जातं. एकच उत्तर द्या: 'जोडात दोष असेल तर रिटर्नची विनंती टाका, नियमाप्रमाणे पूर्ण पैसे परत मिळतील. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे देणं आम्हाला शक्य नाही.' मग तो संवाद जोडून कंपनीकडे तक्रार करा. रिव्ह्यूची धमकी देऊन काही मागणं ईबेच्या धोरणात स्पष्टपणे मना आहे. अ‍ॅमेझॉनवरही असा गैरवापर कळवता येतो, आणि रिव्ह्यू पडण्याआधी कळवलेलं असेल तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते.

तुम्ही मात्र पैसे देऊन रिव्ह्यू काढून घ्यायला कधीच जाऊ नका. 'स्टार वाढवा, कॅशबॅक देतो' असं कार्ड पार्सलमध्ये टाकणारे विक्रेते मी बघते. ते कार्ड फोटो काढून रिव्ह्यूमध्येच टाकलं जातं आणि अकाउंट बंद व्हायला तेवढं पुरतं. घरच्यांकडून, मित्रांकडून खोटे पाच स्टार घालणंही तसंच. 2020 च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहू नये असं स्वच्छ लिहिलंय. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानकही आणलं. ते ऐच्छिक म्हणून आलं, पण खऱ्या ग्राहकाची वाईट प्रतिक्रिया दडपू नये हा त्याचा गाभा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. आपल्याला अन्यायाचा स्टार नको आहे, तर न्यायाचा स्टार पुसण्याचा हक्कही आपण मागू नये.

बदललेला माल परत आला तर

नवा जोड पाठवला आणि परत आला झिजलेला, भलत्याच दुकानाचा. वर रिव्ह्यू: 'जुनी चप्पल पाठवली.' इथे शब्दाला शब्द देऊन उपयोग नाही, पुरावा लागतो आणि तो पाठवण्याच्या दिवशीच तयार करावा लागतो. जोडाच्या आतल्या बाजूला स्वतःचा छोटा ठसा आणि क्रमांक उमटवा. पॅक करताना एकच सलग व्हिडिओ काढा: तळ, ठसा, बॉक्स बंद होताना आणि लेबल, मध्ये कट न करता. रिटर्न उघडतानाही तसाच. परत आलेले बॉक्स कोपऱ्यात साठवू नका, त्याच दिवशी उघडा, कारण नुकसानभरपाईचा क्लेम करायची मुदत फार थोडी असते आणि ती बॉक्स तुमच्या हातात पडल्यापासून मोजली जाते.

तीच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल

आता खरं काम. एकाच प्रकारचा 'अन्यायाचा' रिव्ह्यू तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला, तर मी त्याला अन्याय म्हणणं सोडते. तो लिस्टिंगमधला, म्हणजे मालाच्या ऑनलाइन पानावरचा दोष आहे. चप्पल बरोबर आहे, ग्राहकही बरोबर आहे. मधली माहिती कमी पडली.

कोल्हापुरीत हे ठरलेले आहेत. 'वास येतो': बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याला सुरुवातीला वास असतोच, सावलीत हवेवर ठेवला की उतरतो. 'दोन चपलांचा रंग थोडा वेगळा': नैसर्गिक कातडं रंग सारखा पीत नाही, आणि वापरात ते गडद होत जातं. 'अंगठ्याला लागते, कडक आहे': नवा जोड कडकच असतो, पायाने आणि थोड्या तेलाने तो मऊ होतो. 'पावसात फुगली': हा जून ते सप्टेंबरचा रिव्ह्यू. ज्याने आजीच्या पायात पायताण बघितलंय त्याला यातलं काही सांगावं लागत नाही. पण आपला माल आता दिल्लीला, कोलकात्याला, बंगळुरूच्या नव्या इमारतीत जातो, तिथल्या माणसाने ती कधी हातात घेतलेली नसते. त्याच्यासाठी कडक चप्पल म्हणजे खराब चप्पल.

हे सगळं वर्णनात लिहिलं आहे असं विक्रेते सांगतात. वर्णन कोणी वाचत नाही. मोबाइलवर लोक फोटो सरकवतात. अ‍ॅमेझॉनवर पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, मजकूर नसलेला लागतो, पण पुढच्या फोटोंवर लिहिता येतं. दुसऱ्याच फोटोवर मोठ्या अक्षरांत घाला: हाताने बनवलेली, पहिले काही दिवस कडक, पाण्यात घालू नये, रंगात थोडा फरक येणारच. पावसाळ्यात 'पाण्यात घालू नये' ही ओळ सगळ्यात वर आणा. यामुळे काही ऑर्डर कमी होतील. होऊ द्या. त्या ऑर्डर रिटर्न होऊन, वर एक स्टार ठेवूनच जाणार होत्या.

साइजसाठी तर नंबरवर विसंबूच नका. तळ किती सेंटिमीटर लांब आहे ते लिहा, आणि पाय कागदावर ठेवून टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत कसं मोजायचं त्याचा फोटो द्या. अर्धे नंबर नसतील तर ते सांगा, आणि मधल्या मापाच्या माणसाने कुठला जोड घ्यावा हेही सांगा. कारागिराला विचारून लिहा, कारण कापशी या कोल्हापुरीच्या प्रकाराचं माप आणि नाजूक बायकी जोडाचं माप पायाला सारखं बसत नाही.

तोच मजकूर छोट्या कार्डावर छापून पार्सलमध्येही टाका, स्टारची भीक न मागता. खाली एक ओळ: 'काही अडचण असेल तर आधी आम्हाला ऑर्डरच्या पानावरून मेसेज करा.' एवढं चालतं, आणि रागावलेला माणूस चौकटीत लिहिण्याआधी तुमच्यापर्यंत पोचण्याची एक संधी मिळते. त्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, रविवार असला तरी.

राहिलेला हिशोब

साधी सरासरी धरली तर एका एक-स्टारनंतर 4.8 वर यायला 19 पाच-स्टार लागतात. समाधानी ग्राहक स्वतःहून लिहीत नाही, त्याला आठवण करावी लागते. अ‍ॅमेझॉनवर त्यासाठी 'रिक्वेस्ट अ रिव्ह्यू' हे बटण आहे. डिलिव्हरीनंतर 5 ते 30 दिवसांत प्रत्येक ऑर्डरसाठी एकदा दाबता येतं, मजकूर त्यांचाच जातो, त्यामुळे नियम मोडण्याचा प्रश्न येत नाही. फक्त खूश वाटणाऱ्या ग्राहकांना निवडून पाठवू नका, सगळ्यांना पाठवा. आणि चपलेच्या बाबतीत पाचव्या दिवशी घाई नको. जोड पायात बसायला वेळ द्या, विसाव्या-पंचविसाव्या दिवशी दाबा. तोवर कडकपणा गेलेला असतो आणि माणूस चपलेबद्दल लिहितो, कुरिअरबद्दल नाही.